कामगार कपातीचा खर्च आणि बेरोजगारी : पाळीच्या खाणपट्ट्याचा धडा

डिचोली तालुक्यात साखळीच्या दक्षिणेला पाळी हा गाव आहे. एकेकाळी याच नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. कोठंबी, वेळगे, कुडणे, न्हावेली, सुर्ल आणि आमोणे या आसपासच्या गावांसह हा परिसर गोव्याच्या खाणपट्ट्यात मोडतो. खाणीवरची नोकरी, खनिजवाहू ट्रक, यंत्रदुरुस्तीची गॅरेज, धक्क्यांवरील बार्ज आणि रस्त्याकडेची खानावळ यांवर येथील अनेक घरांचे अर्थकारण काही दशके चालले. सप्टेंबर २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा या सर्वांचे उत्पन्न जवळपास एकाच वेळी आटले. कायद्याने मात्र त्या सर्वांना एकाच मापाने मोजले नाही. काहींना अर्धे वेतन मिळाले, काहींना नुकसानभरपाई मिळण्याचा हक्क राहिला आणि पुष्कळांच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही.

या फरकाच्या मुळाशी श्रमबाजाराच्या अर्थशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. कामगाराला कामावरून कमी करणे मालकाला महाग पडावे की स्वस्त? महाग केले तर नोकऱ्या टिकतात की नव्या नोकऱ्या निर्माणच होत नाहीत? चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्याने आणि लिलावानंतर डिचोलीत खाणी पुन्हा सुरू होऊ लागल्याने हा प्रश्न गोव्यासाठी केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

कपातीचा खर्च म्हणजे काय?

कामगार कमी करताना मालकाला जो भुर्दंड सोसावा लागतो, त्याला कपातीचा खर्च म्हणतात. त्याचे दोन भाग पडतात आणि ते वेगळे ठेवल्याखेरीज पुढील चर्चा समजत नाही.

पहिला भाग मालकाकडून कामगाराच्या हाती जाणाऱ्या पैशाचा. नोटिशीच्या काळातील वेतन आणि सेवाकाळानुसार मिळणारी नुकसानभरपाई यात येते. मालकाचा तो खर्च असला तरी कामगाराची ती मिळकत असते. दुसरा भाग कोणाच्याच हाती न लागणाऱ्या खर्चाचा. सरकारी परवानगीसाठी लागणारा काळ, वकिलांची फी, औद्योगिक न्यायाधिकरणातील वर्षानुवर्षांचे खटले आणि निकाल काय लागेल याची अनिश्चितता हा तो भाग. मालकाचे यात नुकसान होते आणि कामगारालाही त्यातून काही मिळत नाही.

जुन्या कायद्याची रचना

भारतात हा विषय अनेक दशके औद्योगिक विवाद कायदा, १९४७ याच्या कक्षेत होता. त्यात १९५३ मध्ये ‘पाच-अ’ हे प्रकरण आले. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचे असल्यास एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे, असे त्यातील कलम २५-एफ सांगते. शेवटी आलेला कामगार आधी जावा, हे तत्त्व २५-जी मध्ये आणि पुन्हा भरती करताना कपात झालेल्यांना प्राधान्य द्यावे, ही अट २५-एच मध्ये आहे. काम तात्पुरते थांबल्यास, म्हणजे ‘ले-ऑफ’च्या काळात, हजेरीपटावरील कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम देण्याची तरतूदही याच प्रकरणात आहे.

आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, ‘पाच-ब’ हे प्रकरण जोडले गेले. तीनशे किंवा अधिक कामगार असलेले कारखाने, खाणी आणि मळे यांना ले-ऑफ, कपात किंवा उद्योग बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेणे त्याने बंधनकारक केले. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा शंभरावर आणली आणि ती १९८४ पासून लागू झाली. अशा आस्थापनांत कपातीची नोटीस तीन महिन्यांची असते. खाणींच्या बाबतीत ‘योग्य सरकार’ म्हणजे केंद्र सरकार, त्यामुळे पाळीच्या खाणीवरील कपातीच्या परवानगीचा मार्ग पणजीतून नव्हे, तर दिल्लीतून जात असे.

हे आकड्यांत पाहू. एखाद्या कामगाराची वीस वर्षे सेवा झाली आहे आणि त्याचे सरासरी वेतन महिना २४,००० रुपये आहे, असे उदाहरणादाखल धरले, तर पंधरा दिवसांचे वेतन १२,००० रुपये होते आणि वीस वर्षांची भरपाई २,४०,००० रुपये. तीन महिन्यांच्या नोटिशीचे ७२,००० रुपये मिळवले की एकूण ३,१२,००० रुपये, म्हणजे तेरा महिन्यांचा पगार होतो. भरपाईपुरते पाहिले तर मालकाला दरवर्षी वार्षिक वेतनाच्या चार टक्क्यांहून किंचित अधिक रक्कम बाजूला ठेवावी लागेल. ही रक्कम डोईजड म्हणता येत नाही. मालकवर्गाची खरी तक्रार परवानगीबद्दल राहिली. ती कधी मिळेल आणि मिळेल की नाही, याचा हिशेब आधी मांडता येत नाही.

अर्थशास्त्राचे उत्तर

कपात महाग केली की मंदीत माणसे कमी निघतात, हे उघड आहे. परंतु आज माणूस घेताना मालक उद्याच्या मंदीचाही विचार करतो. जाताना खर्च येणार असेल तर तो तेजीतही हात राखून भरती करतो. कपातीचा खर्च असा दोन्ही टोकांना काम करतो. त्यामुळे एकूण रोजगार वाढेल की घटेल, हे केवळ तर्काने सांगता येत नाही. सॅम्युएल बेंतोलिला आणि ज्युसेप्पे बेर्तोला यांनी १९९० मध्ये युरोपच्या संदर्भात हे दाखवून दिले. त्यांच्या मांडणीत कपातीचा खर्च भरतीपेक्षा कपातीवर अधिक परिणाम करतो आणि सरासरी रोजगार किंचित वाढूही शकतो.

एडवर्ड लेझिअर यांनी त्याच वर्षी दुसरी बाजू मांडली. भरपाई ही मालकाकडून कामगाराकडे जाणारी रक्कम असल्याने, दोघांनाही मोकळेपणाने करार करता आला, तर तिचा परिणाम सुरुवातीच्या वेतनातच सामावून जाईल, असे तत्त्वतः म्हणता येते. प्रत्यक्षात तसे घडत नाही, कारण नवख्या कामगाराचे वेतन तेवढे खाली येत नाही. ह्यूगो होपेनहाइन आणि रिचर्ड रॉजर्सन यांनी १९९३ मध्ये एका वर्षाच्या वेतनाइतका कपात-कर लावल्यास रोजगार सुमारे अडीच टक्क्यांनी घटेल, असा अंदाज प्रतिमानाच्या आधारे काढला. त्यांच्या मते खरे नुकसान उत्पादकतेचे होते, कारण माणसे डबघाईच्या उद्योगांतून वाढत्या उद्योगांकडे सरकत नाहीत.

भारतात टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांचा २००४ चा अभ्यास गाजला. ज्या राज्यांनी औद्योगिक विवाद कायद्यात कामगारांच्या बाजूने दुरुस्त्या केल्या, तेथे नोंदणीकृत कारखान्यांतील उत्पादन व रोजगार मागे पडले, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुरुस्त्यांची वर्गवारी करण्याच्या त्यांच्या पद्धतीवर आदित्य भट्टाचारजी यांनी गंभीर आक्षेप घेतले आणि तो वाद आजही मिटलेला नाही.

दोन निष्कर्षांवर मात्र बऱ्यापैकी एकमत आहे. पहिला असा की कपातीच्या खर्चाने श्रमबाजारातील ये-जा मंदावते. नोकरीत असलेला टिकतो, तर बाहेर असलेल्याला आत येण्यास अधिक काळ लागतो. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. हा खर्च सर्वांना सारखा लागू नसेल, तर मालक ज्यांना तो लागू नाही अशा माणसांकडे वळतो.

तेजीत भरती कोणाची झाली?

या शतकाच्या पहिल्या दशकात चीनची मागणी वाढली आणि गोव्यातील कमी प्रतीच्या खनिजालाही भाव आला. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज निर्यात झाले. एवढे खनिज काढायचे, वाहायचे आणि मुरगावपर्यंत पोचवायचे तर माणसे व यंत्रे मोठ्या संख्येने लागणारच. ही तेजी किती टिकेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. पावसाळ्यात वाहतूक थांबत असल्याने कामही बारमाही नव्हते.

अशा वेळी कायमस्वरूपी हजेरीपट वाढवण्यापेक्षा बाहेरून सेवा घेणे कंपन्यांच्या सोयीचे होते. उत्खननासाठी भाड्याची यंत्रे आली, मजूर कंत्राटदारामार्फत आले आणि वाहतूक खाणगावांतील ट्रकमालकांकडे गेली. गावातील तरुणाने कर्ज काढून ट्रक घेतला, तो खेपांवर लावला आणि हप्ते फेडू लागला. कायद्याच्या दृष्टीने तो कामगार नव्हता, व्यावसायिक होता. त्याला कमी करण्यास नोटीस लागत नव्हती की परवानगी. खेपा थांबल्या की त्याचे काम थांबले.

कंत्राटी मजुराची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. उघड्या खाणीत ‘सलग सेवा’ ठरण्यासाठी वर्षात २४० दिवस काम भरावे लागते. ऑक्टोबर ते मे हा संपूर्ण हंगाम धरला तरी जेमतेम २४३ दिवस होतात. हंगाम उशिरा सुरू झाला किंवा कंत्राटदार बदलला, की ही अट हुकण्याची शक्यता मोठी.

या सर्वांमागे कपातीचा कायदा हे एकमेव कारण नव्हते. ट्रक स्थानिकांचे असावेत, हा गावांचाही आग्रह होता आणि तेजीत त्यातून चांगले उत्पन्नही मिळाले. मात्र परिणाम असा झाला की खाण बंद पडण्याची जोखीम हळूहळू कंपनीच्या खात्यातून ट्रकमालकाच्या कर्जखात्यात गेली.

दोनदा पडलेला घाव

न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. पाठोपाठ राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, केंद्राने पर्यावरण परवाने रोखून धरले आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा आदेश दिला. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपल्याचे ठरवले आणि वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची मर्यादा घातली. त्यानंतर राज्याने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. ते ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने रद्द झाले आणि १५ मार्च २०१८ नंतर खाणी पुन्हा थंडावल्या.

२०१४ च्या निकालातील एक निर्देश या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. लिलावात विकल्या जाणाऱ्या, आधीच काढून ठेवलेल्या खनिजाच्या रकमेतून, बंदीच्या काळात वेतन न मिळालेल्या हजेरीपटावरील कामगारांना निम्मे वेतन व महागाई भत्ता द्यावा, असे न्यायालयाने सांगितले. ले-ऑफच्या तरतुदीचेच हे प्रमाण आहे. हा दिलासा खरा होता. परंतु त्यातील निर्णायक शब्द ‘हजेरीपटावरील’ हा होता. ट्रकमालक, त्याचा चालक, भाड्याच्या यंत्रावरचा ऑपरेटर, गॅरेजवाला आणि खानावळ चालवणारी बाई यांची नावे कोणत्याच खाणीच्या हजेरीपटावर नव्हती. राज्य सरकारने पुढे ट्रक, बार्ज व यंत्रमालकांसाठी अर्थसाहाय्य आणि कर्जफेडीच्या सवलतीची योजना आणली, म्हणजे त्यांच्या बेरोजगारीचा भार शेवटी करदात्यावर आणि बँकांवर पडला.

कायद्यातील आणखी एक तरतूद येथे लक्षात घेण्यासारखी आहे. मालकाच्या आवाक्याबाहेरील अपरिहार्य कारणांमुळे उद्योग बंद करावा लागल्यास भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी वेतनापुरती मर्यादित राहते, असे कलम २५-एफएफएफ सांगते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात मात्र आर्थिक तोटा, न विकला गेलेला साठा किंवा पट्ट्याची मुदत संपणे ही केवळ कारणे ‘अपरिहार्य’ समजू नयेत, असे नमूद आहे. पट्टा कधीतरी संपणारच असतो, तेव्हा त्या दिवसाची तजवीज मालकाने आधी करावी, असा त्यामागील विचार दिसतो. नूतनीकरणच न्यायालयाने रद्द केल्यास ही तरतूद कशी लावावी, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. भरपाईचा आकडा तीन महिन्यांवर थांबणार की वीस वर्षांच्या सेवेचा हिशेब होणार, हे अशा वादांवर अवलंबून असते आणि वाद चालेपर्यंत कामगाराच्या घरचा खर्च थांबत नाही.

विम्याची उणीव

नोकरी गेल्यावर काही काळ उत्पन्न मिळावे, ही गरज अनेक देशांत बेरोजगारी विमा भागवतो. डेन्मार्कमध्ये कामगार कमी करणे तुलनेने सोपे आहे, पण काम गेलेल्याला दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो आणि प्रशिक्षणाची जबाबदारी सार्वजनिक यंत्रणा उचलते. उलट उदाहरण स्पेनचे आहे. तेथे कायम कामगारांचे संरक्षण तसेच ठेवून १९८४ मध्ये तात्पुरत्या करारांना मोकळीक दिली गेली. पुढे जवळपास एकतृतीयांश कामगार तात्पुरते झाले आणि २००८ च्या मंदीत आधी त्यांचीच कामे गेली. बेरोजगारीचा दर पंचवीस टक्क्यांच्या वर पोचला. आतल्यांना तटबंदी आणि बाहेरच्यांना उघडे माळरान, ही रचना पाळीच्या खाणपट्ट्याहून फार निराळी नाही.

भारतात राज्य कामगार विमा महामंडळाने २०१८ मध्ये विमाधारक बेरोजगारांसाठी अटल बिमित व्यक्ती कल्याण योजना आणली. वेतनाच्या पंचवीस टक्के मदत २०२० मध्ये पन्नास टक्क्यांवर गेली, तीही नव्वद दिवसांपर्यंतच. पण १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्यातील कारखान्याच्या व्याख्येतून खाण वगळलेली होती. योजना आली त्याच वर्षी गोव्याच्या खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या, आणि खाणकामगार तिच्या चौकटीबाहेर राहिला.

नव्या संहितेने काय बदलले?

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने पूर्वपरवानगीची मर्यादा शंभरावरून पुन्हा तीनशे कामगारांवर नेली आहे. तीनशेहून कमी कामगार असलेल्या खाणीला आता कपातीसाठी सरकारी परवानगी लागणार नाही. नोटीस आणि प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाई मात्र कायम आहे. म्हणजे कोणाच्याच हाती न लागणारा खर्च घटला आणि कामगाराच्या हाती जाणारा तेवढाच राहिला. ही दिशा अर्थशास्त्रीय तर्काला धरून आहे. पण परवानगीची अट केवळ दप्तरदिरंगाई नव्हती. तिच्यामुळे संघटनेला वाटाघाटीस वेळ आणि वजन मिळत असे. ते वजन गेले, त्याच्या बदल्यात भरपाई मात्र वाढली नाही.

दोन नव्या गोष्टी आल्या. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचे शेवटचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरावे आणि ते पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावे, अशी तरतूद आहे. वरील उदाहरणातील कामगाराला त्यातून १२,००० रुपये मिळतील. नवे कौशल्य शिकून दुसऱ्या व्यवसायात स्थिरावण्यासाठी ही रक्कम तुटपुंजी आहे. दुसरी गोष्ट ठरावीक मुदतीच्या नेमणुकीची. अशा कामगाराला कायम कामगारासारखे वेतन व सुविधा आणि एका वर्षानंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटी मिळेल, परंतु मुदत संपल्यावर सेवा थांबणे ही कपात मानली जाणार नाही. कंत्राटदाराकडील मजुरापेक्षा ही स्थिती बरी आहे. कायम कामगाराची जागा मात्र तिने घेतली, तर स्पेनचा अनुभव येथे येण्यास वेळ लागणार नाही.

लिलावानंतरचा प्रश्न

डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यातील पहिल्या खाणगटांचा लिलाव झाला आणि २०२४ मध्ये डिचोली गटात उत्खनन सुरू झाले. पाळीच्या शेजारील कुडणे व सुर्ल भागांतील गटही पुढे लिलावात गेले. येथे एक पेच उभा राहतो. पुनर्भरतीत जुन्या कामगारांना प्राधान्य देण्याची अट ‘ज्याने कपात केली त्याच मालकावर’ बंधनकारक असते. लिलावातून आलेला पट्टेदार निराळा असेल, तर त्याच डोंगरावर वीस वर्षे राबलेल्या माणसाचा त्याच्यावर कायदेशीर दावा उरत नाही. केंद्रीय खाण कायद्यात जुन्या पट्टेदाराच्या परवानग्या नव्या पट्टेदाराकडे जाव्यात, अशी तरतूद आली. जुने कामगार जावेत, अशी आली नाही. कागद पुढच्याकडे सोपवता आले, माणसे तेवढी मागे राहिली.

केंद्राच्या श्रमबल पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये पंधरा वर्षांवरील लोकसंख्येत गोव्याचा बेरोजगारी दर ८.५ टक्के होता, तर देशाचा ३.२ टक्के. या तफावतीला शिक्षण, अपेक्षा आणि नोकऱ्यांचे स्वरूप अशी अनेक कारणे आहेत, ती सगळी खाणींच्या माथी मारता येणार नाहीत. तरीही खाणपट्ट्यात काम गेलेल्या पन्नाशीच्या ऑपरेटरला पेडण्यातील मोपा विमानतळावर किंवा किनाऱ्यावरील हॉटेलात सहज जागा मिळत नाही, हे समजण्यास पाहणीची गरज नाही.

पाळीच्या अनुभवाचा मथितार्थ असा, की कपातीचा खर्च किती असावा यापेक्षा तो कोणी, केव्हा आणि कोणत्या रूपात भरावा हा प्रश्न अधिक कळीचा आहे. परवानगीची भिंत उभारली तर तिच्या आडोशाला थोडेच मावतात. ती नुसती पाडली तर त्यांचाही आडोसा जातो. खनिज संपणारे आहे, पट्टा मुदतीचा आहे आणि खाण कधीतरी बंद होणार आहे. तेव्हा बंदीचा खर्च चालू खाणीतूनच, प्रत्येक टनामागे थोडा थोडा, बाजूला काढणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. २०१४ च्या निकालाने विक्रीच्या दहा टक्के रकमेतून लोहखनिजाचा कायमस्वरूपी निधी उभारण्यास सांगितले, ते भावी पिढ्यांचा वाटा राखण्यासाठी. त्याच धर्तीवर खाणीवर अवलंबून असलेल्या माणसांसाठी, हजेरीपटावर नाव असो वा नसो, विमा का नसावा, हे खाणी पुन्हा बंद पडण्यापूर्वी ठरवायला हवे. लिलावाच्या अटी आणि नवे करार कागदावर येत असतानाच ते शक्य आहे. ट्रक पुन्हा दारात उभे राहिल्यावर त्यासाठी पैसा कोठून आणायचा, हे गेल्या दोन बंदींनी दाखवून दिले आहे.